विमानतळावर हाताला पट्टी घासतात ते मशीन नेमकं काय शोधतं? (आणि चेहरावाल्या गेटबद्दल पण विचारायचंय)

सुदामानगरकर
मंडळी, इथे कोणी ह्या लाइनमधलं असेल तर सांगा. सासूबाईंना (वय ७८) घेऊन नातीकडे गेलो होतो, इंदूरहून जाताना काही झालं नाही, परत येताना एका मोठ्या विमानतळावर त्यांच्या हाताला आणि पर्सला एक पांढरी पट्टी घासली, ती मशीनमध्ये घातली आणि दिवा लाल. मग बाजूला बसवलं, पर्स पूर्ण रिकामी केली, जपाची माळ, अडकित्ता सोडून सगळं बाहेर (अडकित्ता मी आधीच बॅगेत टाकला होता नशीब), दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, मग जा म्हणाले. काय निघालं ते कोणी सांगेना. आता त्या सगळ्या लोकमान्य नगरला सांगत फिरतायत की मला अतिरेकी समजले. तर हे मशीन शोधतं काय, आणि ७८ वर्षांच्या बाईच्या हातावर त्याला काय दिसलं? दुसरं म्हणजे आपल्या इथे आता चेहरा दाखवून आत जायचं गेट आहे, ते वापरावं का नको, घरात दोन मतं आहेत.

चकलीवाली
हँड क्रीम लावलं होतं का त्यांनी? माझ्या जावेचं सेम झालं होतं, ग्लिसरीनवालं क्रीम. तेव्हापासून आम्ही एअरपोर्टला कोरडे हात घेऊन जातो 😄

अवंतिकाएक्सप्रेस
म्हणून मी सांगत असतो, संध्याकाळी गाडीत बसा सकाळी मुंबई. ना पट्टी ना ट्रे ना पट्टा काढा. डबा उघडला की शेजारचा पण खातो.

सुदामानगरकर
@चकलीवाली ताई, आत्ता विचारलं, हो लावलं होतं, हात फुटतात त्यांचे. पण क्रीमवर अलार्म? कमाल आहे.
@अवंतिका भाऊ, बंगलोरला अवंतिका जात नाही.

स्कॅनरबाबा
मी बरीच वर्षं ह्या मशिनांच्या मेंटेनन्समध्ये होतो, आता रिटायर, राजेंद्र नगरला असतो. जेवढं उघड छापलेलं आहे तेवढंच सांगतो, बाकी विचारू नका.

त्या पट्टीच्या मशीनला ईटीडी म्हणतात, स्फोटकांचा माग काढणारं. बॉम्ब हाताळणाऱ्याच्या हाताला, बॅगेच्या चेनला, लॅपटॉपच्या कडेला नॅनोग्रॅममध्ये कण चिकटून राहतात, हात धुतले तरी पूर्ण जात नाहीत. पट्टी मशीनमध्ये गेली की ती तापवतात, कणांची वाफ होते, त्या वाफेला विद्युतभार देतात आणि एका नळीत विजेच्या ओढीनं पळवतात. सराफ्याच्या रात्रीच्या गर्दीतून सडपातळ पोरगं कसं भसकन निसटतं आणि जाडा माणूस अडकत अडकत येतो, तसं हलका रेणू आधी पोचतो जड मागून. कोण किती मिलिसेकंदात पोचलं त्यावरून टीएनटी, आरडीएक्स, पीईटीएन, नायट्रोग्लिसरीन ह्यांची यादी जुळवून बघतात. काही सेकंदांचं काम.

आता गोम अशी की त्या यादीतल्या वेळेच्या जवळपास दुसरे साधे पदार्थ पण पोचू शकतात. ग्लिसरीनवाली क्रीमं, काही साबण आणि लोशनं. शेतात खत टाकून आलेला माणूस, कारण अमोनियम नायट्रेट खतात पण असतं आणि स्फोटकात पण. मशीन "बॉम्ब" म्हणत नाही, "यादीतल्या ह्याच्यासारखं कायतरी आहे, बघा" म्हणतं. पुढचं बघणं माणसाचं. सासूबाईंच्या बाबतीत माणसांनी बघितलं आणि सोडलं, म्हणजे सिस्टीम जशी चालायला हवी तशीच चालली, फक्त दोन शब्द नीट बोलले असते तर लोकमान्य नगरपर्यंत गोष्ट गेली नसती.

डॉ_मोडीलिपी
बाबांच्या यादीत एक भर. हृदयाच्या पेशंटना जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी देतो, त्यातली नायट्रोग्लिसरीन ही तीच जी डायनामाइटमध्ये असते. गोळ्या हाताळल्यावर अलार्म आल्याचे किस्से आहेत. म्हणून औषधं मूळ पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा, सगळ्या गोळ्या एका डबीत काढून नेऊ नका, आपल्याकडे आजीआजोबांना ती फार सवय आहे. आणि पेसमेकरवाल्यांनी कार्ड दाखवा, मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून चटकन गेलात तर काही होत नाही, फक्त हातातला डिटेक्टर छातीवर धरून ठेवू नका म्हणून सांगा.

चकलीवाली
बाबा मग मला हे सांगा, माझ्या डिंकाच्या लाडवांचा डबा दर वेळी का उघडायला लावतात?? प्रत्येक वेळी. मागे तर त्या पोरानं विचारलं आंटी ये क्या है, मी म्हंटलं खाके देख.

स्कॅनरबाबा
चकलीवाली ताई, तुमच्या लाडवांचा दोष नाही, रंगाचा आहे. एक्सरे मशीन दोन वेगवेगळ्या ताकदीचे किरण सोडतं आणि त्यातल्या फरकावरून वस्तू कशाची बनलीय त्याचा अंदाज घेऊन रंग देतं. धातू निळा, मधलं हिरवं, आणि सेंद्रिय सगळं नारिंगी. कागद, कापड, अन्न, साबण नारिंगी. आणि स्फोटकंही बहुतेक सेंद्रियच, म्हणून ती पण नारिंगी. त्यात डिंक, तूप, खोबरं, गूळ दाबून वळलेला घट्ट गोळा, असे वीस गोळे एका स्टीलच्या डब्यात, शेजारी मोबाइलचा चार्जर आणि वायर. स्क्रीनवर हे कसं दिसत असेल त्याचा विचार करा. त्या मुलानं डबा उघडला नसता तर मी त्याला नावं ठेवली असती.

लाडू वेगळे प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, वायरी दुसऱ्या कप्प्यात, निम्मा त्रास जाईल.

एक गंमत सांगतो, गुपित नाही ही. स्क्रीनवर बसलेल्या माणसाला तासन् तास खरं काहीच सापडत नाही, लाखो बॅगांत चाकूसुद्धा क्वचित, मग डोळे सुस्तावतात. म्हणून मशीन मधूनच एखाद्या खऱ्या बॅगेच्या चित्रात खोटा बॉम्ब किंवा पिस्तूल घुसवतं. त्यानं पकडलं की मशीन सांगतं शाबास, ते खोटं होतं. सुटलं तर त्याची नोंद होते. आणि वीसेक मिनिटांनी माणूस बदलतात, नुसतं नजरेचं काम त्यापेक्षा जास्त वेळ नीट होत नाही. कुत्र्यांचं पण तेच, तो पण दमतो, त्याला पण सुट्टी लागते.

अवंतिकाएक्सप्रेस
म्हणजे कधी कधी माझ्या बॅगेत खोटा बॉम्ब दाखवत असतील आणि मी बाहेर पट्टा बांधत उभा. भारी.

नारायणबाग_रात्रपाळी
मी सॉफ्टवेअरमधला, माझा प्रश्न वस्तूंचा नाही, माणसांचा आहे. बॅग तपासा, माझी ना नाही. पण आता चेहरा, तिकीट, कुणासोबत बुकिंग, पैसे कशाने भरले हे सगळं गोळा होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये नियम आले की परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांची पीएनआर माहिती (म्हणजे बुकिंगची सगळी नोंद) एअरलाइननं उड्डाणाच्या २४ तास आधी कस्टम्सला द्यायची, आणि ती पाच वर्षं ठेवता येते. इंदूरहून २०१९ च्या जुलैत दुबईचं विमान सुरू झालं तेव्हा आपण सगळे फुगे घेऊन खूश, पण तसल्या परदेशी विमानात बसणाऱ्या प्रत्येकाची कुंडली आता कुठेतरी आहे. आणि डिजीयात्रा, म्हणजे तेच चेहरावालं गेट. डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगलोर, वाराणसीत सुरू झालं, आपल्याकडे सप्टेंबर २०२४ ला आलं. मधे एकदा सगळ्यांना जुनं ॲप काढून नवीन टाकायला लावलं. सांगतात ऐच्छिक आहे आणि उड्डाणानंतर २४ तासांत विमानतळावरचा डेटा पुसतात. पुसतात हे मला कोण दाखवणार? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे पण सुरक्षेच्या नावाखाली सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देता येते. काकांना माझं मत विचाराल तर आधार कार्ड आणि बोर्डिंग पास घेऊन साध्या रांगेत उभं राहा.

सुदामानगरकर
हेच! हेच माझा मुलगा म्हणतो. आणि सून म्हणते बाबा पाच मिनिटं वाचतात.

होळकरीण
सून बरोबर आहे 😌 मी दर आठवड्याला दिल्ली करते, सकाळच्या फ्लाइटला दारातल्या रांगेत उभं राहून बघा म्हणजे प्रायव्हसी आठवणार नाही. आणि तसंही दारावरचा जवान ओळखपत्र बघतो, कॅमेरे डोक्यावर आहेतच, तुम्ही ॲप टाकलं नाही म्हणून चेहरा झाकला जात नाही.

नारायणबाग_रात्रपाळी
ताई, फरक आहे हो. जवान बघतो आणि विसरतो. कॅमेऱ्याचं फुटेज आहे पण त्याला माझं नाव चिकटलेलं नाही. ॲपमध्ये चेहरा + आधार + प्रवास एकत्र बांधला जातो. एकदा असं बांधायची सोय झाली की पुढे तिचा उपयोग कशाला होईल ते आज सांगता येत नाही. शिवाय दोन गोष्टी लोक एक समजतात. गेटवर मशीन बघतं की हा चेहरा आणि ह्या पासवाला चेहरा तोच का. ते सोपं. पण गर्दीतल्या प्रत्येक चेहऱ्याची संशयितांच्या यादीशी जुळणी करणं हे एकदम वेगळं काम आहे. समजा दिवसाला १०,००० माणसं गेली आणि मशीन हजारात एकदाच चुकलं, तरी रोज १० निरपराध लोक बाजूला. आणि खरा संशयित त्या विमानतळावर वर्षात एकही येत नसेल. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेनं २०१९ च्या डिसेंबरात अहवाल दिला होता, बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांना चुकीनं जुळवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या मानानं १० ते १०० पट. आपण सगळे त्यातच मोडतो.

स्कॅनरबाबा
नारायणबागवाल्यांशी मी अर्धा सहमत. कुठला अर्धा ते सांगतो, जरा लांबेल.

वस्तू ओळखण्यात मशीन आता पक्कं झालंय. माणूस ओळखण्यात कच्चं आहे, आणि माणसाच्या मनात काय आहे ते ओळखण्यात तर अजून पाटी-पेन्सिलवर. पण जुन्या घटना बघितल्या तर दिसेल की मोठमोठ्या चुका मशीनमुळे कमीच झाल्या, मशीननं सांगितल्यावर पुढे काय करायचं ते न ठरवल्यामुळे जास्त.

२३ जून १९८५, एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बनं पाडलं, ३२९ माणसं गेली. टोरांटोत आदल्या दिवशी एक्सरे मशीन बंद पडलं म्हणून हातातलं वास घेणारं यंत्र वापरलं, ते एका बॅगेपाशी वाजलं सुद्धा. पण हळू वाजलं, वाजलं तर काय करायचं हे तपासणाऱ्यांना कोणी नीट शिकवलेलं नव्हतं, बॅग पुढे गेली. आणि ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. प्रवासी नाही तर बॅग नाही, हा नियम तेव्हा नीट पाळला असता तरी पुरे होतं. आजही तुम्ही चेक-इन करून विमानात बसला नाहीत तर तुमची बॅग शोधून उतरवतात, उशीर होतो, लोक वैतागतात, त्याच्यामागे हे आहे.

११ सप्टेंबर २००१ ला तर कॉम्प्युटरनं आधीच निवडलं होतं. अमेरिकेत कॅप्स नावाची प्रणाली होती, १९ अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना तिनं संशयित म्हणून बाजूला काढलं. आणि मग केलं काय? त्यांच्या चेक-इन बॅगांवर जास्त लक्ष दिलं. नियम तेवढाच होता, कारण सगळ्यांच्या डोक्यात बॅगेतला बॉम्ब होता. माणसं आरामात आत गेली.

२००९ च्या नाताळात अॅमस्टरडॅम ते डेट्रॉइट विमानात अंतर्वस्त्रात पीईटीएन लपवून बसलेला मुलगा, त्याच्या स्वतःच्या बापानं अमेरिकी वकिलातीत जाऊन सांगितलं होतं की पोराची लक्षणं ठीक नाहीत. नाव एका मोठ्या यादीत पडलं, विमानात न बसू देण्याच्या यादीत पोचलंच नाही.

तेव्हा पाच वर्षांचा डेटा ठेवा का दहा, यादी जेवढी फुगेल तेवढं खरं नाव त्यात बुडेल. हा माझा सहमतीचा अर्धा. असहमतीचा अर्धा असा की कंदाहारचं विमान अपहरण ज्यांनी टीव्हीवर बघितलंय, डिसेंबर १९९९, ते काठमांडूच्या विमानतळावरून हत्यारं आत गेली कशी हे विसरत नाहीत. त्यानंतरच आपल्याकडे विमानतळ सीआयएसएफकडे द्यायला सुरुवात झाली, पहिलं जयपूर, फेब्रुवारी २०००. तपासणी कडक असावी ह्यात मला शंका नाही. फक्त ती वस्तूची कडक असावी.

होळकरीण
कनिष्कचं ते यंत्र वाजलं होतं हे माहीतच नव्हतं. काटा आला.

बिजासनटेकरी
आमच्या इकडचा मुद्दा कोणी काढतच नाहीये. मी टेकरीच्या बाजूला राहतो, विमानं डोक्यावरून. लग्नाच्या सीझनला गार्डनवाले ड्रोन उडवतात, लेझर सोडतात. रनवे इथून केवढासा. सांगायला गेलं की म्हणतात भिया खिलौना है. हा खिलौना पकडायला काही मशीन आहे का?

स्कॅनरबाबा
आहे, आणि खिलौना नाही तो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनचं गॅटविक नुसतं ड्रोन दिसल्याच्या बातमीवर दीड दिवस बंद होतं, सुमारे १,००० विमानं आणि १,४०,००० प्रवासी लटकले, आणि एवढं करून कोणी सापडलं नाही. आपल्याकडे जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोननं स्फोटकं टाकली.

शोधायचे मार्ग तीन-चार. ड्रोन आणि रिमोटमधले रेडिओ सिग्नल ऐकणं, लहान वस्तू पकडणारं रडार, लांबचे आणि उष्णता दिसणारे कॅमेरे, आवाजावरून ओळखणं. एकटं कुठलंच पुरत नाही. रडारला घार आणि ड्रोन सारखेच वाटू शकतात, आणि आधीच ठरवलेल्या रस्त्यानं आपोआप उडणारा ड्रोन रेडिओ सोडतच नसेल तर ऐकणार काय. शोधलं तरी पाडणं त्याहून अवघड, सिग्नल जॅम केला तर विमानतळाचीच उपकरणं गडबडायची भीती. २०२१ च्या ड्रोन नियमात विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येत नाही, अगदी कडेच्या पट्ट्यात कमी उंचीची थोडी सूट सोडली तर. तुमच्या टेकरीला कसलीही सूट नाही. खिलौना म्हणणाऱ्याला हा नियम दाखवा, नाहीतर सरळ पोलिसांना कळवा.

अवंतिकाएक्सप्रेस
आणि ते धमकीच्या मेलचं काय? आपल्या इंदूरच्या विमानतळाला पण आले होते. एवढी मशिनं आणि एका फुकट्या मेलनं सगळं ठप्प.

नारायणबाग_रात्रपाळी
२०२४ मध्ये १४ नोव्हेंबरपर्यंत देशात अशा ९९९ खोट्या धमक्या, आपल्या पुण्याच्या मुरलीधर मोहोळांनीच संसदेत आकडा दिला होता. ५०० च्या वर तर ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. व्हीपीएन लावून लांबच्या देशातून पाठवल्याचं भासवतात, शोधायला वेळ जातो. हे पाठवणारे पकडायला मी डेटा द्यायला तयार आहे, बघा, मी काही अगदी आडमुठा नाही.

स्कॅनरबाबा
त्याच्यासाठी एक समिती बसते, बीटीएसी. धमकीत विमानाचा नंबर, वेळ, जागा, असं नेमकं काही आहे का बघतात, नेमकी का मोघम ते ठरवतात आणि मग विमान बाजूला घ्यायचं का तपासून सोडायचं. ह्यात मशीन कुठेच नाही. फोनवर चार जण बसून ठरवतात आणि ठरवणाऱ्याच्या मनात एकच भीती, हजारवी खरी निघाली तर? म्हणून सुरुवातीला प्रत्येक मेलवर धावाधाव झाली. मला विचाराल तर त्या महिन्यात सगळ्यात अवघड काम ह्या लोकांचं होतं.

चकलीवाली
विषय थोडा बदलते. परदेशात म्हणे आता बाटल्या लॅपटॉप काहीच काढायला लागत नाही? आणि तो अंगाचा फोटो काढणारा डबा, त्यात सगळं दिसतं का? भाचीनं घाबरवून ठेवलंय.

स्कॅनरबाबा
पहिलं, ती सीटी मशिनं. हॉस्पिटलातल्या सीटी स्कॅनचीच रीत, बॅगेचे शेकडो काप घेऊन त्रिमिती चित्र, ते स्क्रीनवर फिरवून बघता येतं आणि पदार्थाची घनता मोजता येते, म्हणून लाडू आणि स्फोटक ह्यांच्यात फरक करणं सोपं जातं. १०० मिलिलिटरचा नियम २००६ च्या लंडनच्या कटामुळे आला, पातळ स्फोटकं शीतपेयाच्या बाटल्यांतून न्यायची होती. सीटी आल्यावर काही ठिकाणी नियम सैल केला, मग युरोपनं सप्टेंबर २०२४ ला परत १०० वर आणला, तेव्हा ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, त्या त्या विमानतळाचं बघा. आपल्याकडे वर्षाला ५० लाखांच्या वर प्रवासी असणाऱ्यांना ही मशिनं लावायला सांगितलंय, इंदूर अजून त्या आकड्याच्या खाली, म्हणून ट्रेमध्ये लॅपटॉप काढत राहा.

दुसरं, डबा. सुरुवातीच्या अमेरिकी एक्सरेवाल्या डब्यांत खरंच बरंच दिसायचं, ओरडा झाला, २०१३ मध्ये ते काढून टाकले. आताचे मिलिमीटर लहरींचे, त्यात एक्सरे नाही, आणि स्क्रीनवर सगळ्यांचं एकच बाहुलं येतं, संशय असेल तिथे चौकोन. भाचीला सांगा. खरं तर साडी नेसलेल्या बायकांना पडद्याआड चाचपण्यापेक्षा तो डबा बरा, पण निऱ्यांच्या जाड घड्यांवर चौकोन यायचाच.

होळकरीण
२०१९ मध्ये आपल्याकडे ८४ विमानतळांवर हे डबे वर्षभरात लावा असा आदेश निघाला होता ना? मी अजून पडद्याआडच जाते.

स्कॅनरबाबा
निघाला होता. आदेश निघणं आणि मशीन येणं ह्याच्यामध्ये टेंडर असतं ताई.

सुदामानगरकर
एवढ्या माहितीबद्दल सगळ्यांचे आभार. सासूबाईंना ग्लिसरीनचं सांगितलं, त्यांना पटलेलं नाही, म्हणतात मग क्रीमच्या डब्यावर लिहीत का नाहीत. गेटचं अजून ठरत नाही. मुलगा स्कॅनरबाबांच्या अर्ध्या सहमतीवर खूश, सून उरलेल्या अर्ध्यावर.

वामकुक्षी
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. पुढच्या आठवड्यात इंदूर-पुणे. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालेल ना? आणि आईचं नारळ फोडून आणलेलं सुकं खोबरं?

स्कॅनरबाबा
पॉवर बँक मोठ्या बॅगेत अजिबात नाही, हातातच. खाली सामानाच्या कप्प्यात लिथियमनं पेट घेतला तर विझवायला कोणी नाही. खोबरं घरीच ठेवा, तेलकट असतं, पेट घेतं, म्हणून अडवतात. शबरीमलेच्या यात्रेकरूंना २०२४ च्या ऑक्टोबरात हातात नारळ न्यायची परवानगी दिली होती, ती पण ठरावीक मुदतीपुरती आणि एक्सरे, ईटीडी सगळं करून.

वामकुक्षी
पुण्यात खोबरं मिळतं का?

चकलीवाली
😂😂😂